परदेशातील पत्त्याचा शासकीय दाखला नाकारून एनआरओ खात्यातील व्यवहार रोखल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग, मुख्य कार्यालय.
प्रत माहितीसाठी : मा. शाखाधिकारी, सांगली शाखा.

विषय : जपानमधील पत्त्याचा पुरावा अमान्य केल्याबद्दल व खाते पूर्ववत सुरू करण्याबद्दल.

महोदय,

मी आपल्या बँकेच्या सांगली शाखेची जुनी खातेदार असून २०२२ पासून नोकरीनिमित्त जपानमधील हामामात्सु या शहरात राहते. नोकरीसाठी देश सोडल्यावर निवासी बचत खाते आहे तसे चालू ठेवता येत नाही, म्हणून त्याच वर्षी मी माझे खाते रीतसर एनआरओ खात्यात, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांच्या भारतातील उत्पन्नासाठी असलेल्या खात्यात, बदलून घेतले. गावभागातील आमच्या जुन्या घराच्या खालच्या गाळ्याचे भाडे या खात्यात जमा होते आणि त्यातूनच विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या आईच्या खात्यात दरमहा घरखर्चाची रक्कम स्थायी सूचनेने वळती होते. केवायसी अद्ययावत करताना मी दिलेला जपानमधील पत्त्याचा पुरावा आपल्या केवायसी विभागाने अमान्य केला आणि त्यानंतर खात्यातून पैसे जाणे पूर्ण बंद झाले. भाडे जमा होत राहते, आईचा खर्च मात्र अडतो. औषधांसाठी तिला शेजाऱ्यांकडून उसने घ्यावे लागले. ज्या खात्यात तिच्यासाठी पुरेशी रक्कम शिल्लक आहे त्या खात्याच्या बाबतीत असे घडावे, याचे मला अतिशय वाईट वाटले.

आपल्या शाखेशी आमचे संबंध आजवर चांगले राहिले आहेत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावभागातील घरात पाणी शिरून आमची पासबुके आणि कागदपत्रे भिजून गेली, तेव्हा याच शाखेने पासबुके नवी करून दिली. विश्रामबागेत राहायला गेल्यावर महावितरणचे वीजबिल दाखवताच खात्यावरील पत्ताही बदलून मिळाला. त्या काळात मिळालेल्या सहकार्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. परंतु सांगलीत वीजबिल हा पत्त्याचा सर्वांत सोपा पुरावा आहे म्हणून तो जगात सगळीकडे आणि सगळ्यांना मिळतोच, असे गृहीत धरले गेल्यामुळे आजचा प्रश्न उभा राहिला आहे. म्हणून जपानमध्ये परदेशी माणसाचा पत्ता अधिकृतपणे कसा नोंदला जातो हे येथे थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला जपान सरकार रेसिडेन्स कार्ड देते. ही पद्धत ९ जुलै २०१२ पासून सुरू झाली आणि त्याच दिवसापासून परदेशी रहिवाशांची नोंद जपानी नागरिकांप्रमाणेच नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीत होऊ लागली. मोठ्या विमानतळांवर हे कार्ड उतरताक्षणी हातात मिळते. मात्र त्या वेळी राहण्याची जागा निश्चित नसल्यामुळे समोरच्या बाजूला पत्त्याच्या रकान्यात ‘अद्याप ठरलेला नाही, नोंदणीनंतर मागील बाजूस लिहिला जाईल’ अशा अर्थाची ओळ छापलेली असते. राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत अथवा वॉर्ड कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि तो नोंदवल्यावर तेथील कर्मचारी कार्डाच्या मागील बाजूस तारखेसह पत्ता नोंदवून कार्यालयाचा शिक्का मारतात. या नोंदीचा स्वतंत्र दाखला हवा असल्यास नगरपालिकेकडून मिळतो. त्याला तेथे जूमिनह्यो म्हणतात. तेथे बँकेत खाते उघडताना, घर भाड्याने घेताना किंवा वाहन परवाना काढताना पत्त्याचा पुरावा म्हणून रेसिडेन्स कार्ड किंवा हा दाखलाच पुढे केला जातो.

आता आपल्या विभागाने घेतलेल्या हरकतींकडे वळते. आपल्या मोबाईल अॅपमध्ये परदेशी ओळखपत्राची फक्त समोरची बाजू जोडण्याची सोय आहे. समोरच्या बाजूवर पत्ता नाही, म्हणून ‘कागदपत्रात पत्ता आढळत नाही’ असा शेरा मारून अर्ज परत आला. मी दोन्ही बाजूंची प्रत ईमेलने पाठवली, तेव्हा जपानी भाषेतील कागद चालत नाही असे कळवले गेले. ही अडचण समजण्यासारखी होती, म्हणून मी नगरपालिकेचा नवा दाखला काढला आणि पुण्यातील जपानी भाषेच्या व्यावसायिक भाषांतरकाराकडून त्याचे इंग्रजी भाषांतर करून घेतले.

त्यानंतर कार्डावरील पत्त्यात ‘नाका’ हा वॉर्ड आहे आणि दाखल्यावर ‘चूओ’ आहे, त्यामुळे दोन्ही पत्ते जुळत नाहीत, अशी नवी हरकत निघाली. वस्तुस्थिती अशी आहे की १ जानेवारी २०२४ रोजी हामामात्सु शहराने आपल्या सात वॉर्डांची पुनर्रचना करून तीन वॉर्ड केले आणि पूर्वीचा नाका वॉर्ड चूओ वॉर्डात समाविष्ट झाला. मी घर बदललेले नाही, मोहल्ला आणि घराचा क्रमांक दोन्ही कागदांवर तोच आहे. आपल्याच जिल्ह्यात इस्लामपूरचे ईश्वरपूर झाले म्हणून तेथील खातेदार दुसरीकडे राहायला गेला, असे आपली शाखा म्हणणार नाही. हीच दृष्टी माझ्या कागदांकडे पाहतानाही ठेवावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

वीजबिलाच्या मागणीने मला सर्वाधिक त्रास झाला. ‘दोन महिन्यांच्या आतले, स्वतःच्या नावाचे, इंग्रजीतले लाइट बिल आणा’ असे मला पुन्हा पुन्हा सांगण्यात आले. मी राहते ती खोली माझ्या कंपनीने भाड्याने घेतलेली आहे. त्यामुळे भाडेकरार कंपनीच्या नावावर आहे, विजेची आणि पाण्याची जोडणीही कंपनीच्याच नावावर आहे. नोकरीसाठी जपानमध्ये आलेल्या कितीतरी परदेशी लोकांची राहण्याची व्यवस्था अशीच असते. बिल स्वतःच्या नावाने येत असले तरी ते जपानी भाषेत असते, त्यावर ग्राहकाचे नाव बहुधा काताकाना लिपीत असते आणि ते पासपोर्टवरील नावाशी अक्षराला अक्षर जुळवता येत नाही. याउलट नगरपालिकेच्या दाखल्यावर परदेशी व्यक्तीचे नाव रोमन लिपीत, पासपोर्टवर असते तसेच छापलेले असते आणि जन्मतारीख व, मागितल्यास, राष्ट्रीयत्वही दिलेले असते. वीजबिलावर जोडणी कोणाच्या नावे आहे एवढेच कळते, तर नगरपालिकेचा दाखला ती व्यक्ती तेथे राहते अशी शासकीय नोंद दाखवतो. तो हातात असताना वीजबिलासाठी अडून बसण्याचे कारण मला आजवर कोणीही सांगितलेले नाही.

पत्ता पडताळण्यासाठी आपल्या बँकेने जपानला पाठवलेले पत्र परत आले, हे माझ्याविरुद्धचे सर्वांत मोठे कारण म्हणून दाखवले जाते. ते पाकीट मला शाखेत पाहायला मिळाले. जपानमधील बहुतेक रस्त्यांना नावे नसतात. तेथे प्रांत, शहर, वॉर्ड, मोहल्ला, गट क्रमांक, इमारत आणि खोली असा मोठ्याकडून लहानाकडे जाणारा पत्ता लिहितात आणि त्याचा पिनकोड सात अंकी असतो. आपल्या प्रणालीत रस्त्याचे नाव भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, पत्त्याच्या ओळींची लांबी ठरलेली आहे आणि पिनकोडच्या रकान्यात सहाच अंक बसतात. परिणामी पाकिटावर इमारतीचे नाव अर्धवट छापले गेले होते, खोलीचा क्रमांक नव्हताच आणि पिनकोडचा शेवटचा अंक गळून गेला होता. अशा पत्त्यावर पत्र पोचणे शक्यच नव्हते. पत्ता सापडत नसल्याचा शिक्का मारून जपानी टपाल सेवेने ते परत पाठवले आणि त्यावरून आपल्या विभागाने ‘ग्राहक नमूद पत्त्यावर राहत नाही’ अशी नोंद केली. प्रणालीतील उणिवेमुळे न पोचलेल्या पत्राचा ठपका ग्राहकावर ठेवणारी ही नोंद मला मान्य नाही. ती खात्याच्या इतिहासातून काढून टाकावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

यानंतर दाखल्यावर भारतीय दूतावासाचा शिक्का हवा, असे सांगण्यात आले. दूतावास तोक्योत आहे आणि वाणिज्य दूतावास ओसाकात. हामामात्सुहून दोन्ही दूर आहेत आणि कामाच्या दिवशी रजा काढूनच तेथे जावे लागते. तरीही पर्याय नसता तर मी गेले असते. परंतु रिझर्व्ह बँकेच्या केवायसीविषयक निर्देशांत अनिवासी भारतीयांच्या कागदपत्रांच्या प्रती साक्षांकित करण्यासाठी दूतावास हा अनेक पर्यायांपैकी एक आहे. भारतीय बँकांच्या परदेशी शाखांचे अधिकारी, भारतीय बँकांशी संबंध असलेल्या परदेशी बँकांच्या शाखा, परदेशातील नोटरी, न्यायदंडाधिकारी आणि न्यायाधीश यांचाही त्यात समावेश आहे. शिवाय मी दिलेल्या दाखल्यावर जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने अपोस्टिल केलेले आहे. जपान आणि भारत हे दोन्ही देश अपोस्टिल कराराचे सदस्य आहेत. भारतात हा करार २००५ पासून लागू आहे. परदेशी शासकीय कागदावरील सही आणि शिक्का खरा आहे याची खात्री पटावी आणि त्यासाठी दूतावासाचे वेगळे प्रमाणीकरण लागू नये, याच हेतूने ही व्यवस्था करण्यात आली आहे.

सध्या मी रजेवर सांगलीत आले असून मूळ रेसिडेन्स कार्ड, मूळ दाखला, अपोस्टिल, भाषांतर आणि पासपोर्ट घेऊन मी स्वतः शाखेत हजर झाले. खातेदार समोर उभी आहे आणि मूळ कागद टेबलावर आहेत, अशा वेळी बँकेच्या अधिकाऱ्याने मूळ कागद पाहून प्रतीवर ‘मूळ प्रतीवरून पडताळले’ असे लिहून सही करायची असते. परदेशातील साक्षांकनाची तरतूद जो ग्राहक शाखेत येऊ शकत नाही त्याच्यासाठी आहे. तरीही ‘वरून परवानगी नाही’ एवढेच उत्तर देऊन माझे कागद परत करण्यात आले. माझ्याशी बोलणारे कर्मचारी सौजन्याने वागले, हे मी आवर्जून नमूद करते. माझी तक्रार त्यांच्याविरुद्ध नसून त्यांच्या हातात निर्णयाचा अधिकार न ठेवणाऱ्या कार्यपद्धतीविरुद्ध आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या नजरेस आणून द्यायची आहे. केवळ पत्ता बदलला असेल तर ग्राहकाचे स्वयंघोषणापत्र नोंदणीकृत ईमेलवरून किंवा अन्य डिजिटल मार्गाने स्वीकारावे आणि बँकेने तो पत्ता दोन महिन्यांत पडताळून घ्यावा, अशी तरतूद रिझर्व्ह बँकेच्या त्याच निर्देशांत आहे. तसेच भारतात येणाऱ्या परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रावर पत्ता नसेल, तर त्याच्या देशातील सरकारी खात्याने दिलेला कागद पत्त्याचा पुरावा म्हणून स्वीकारण्याची मुभाही त्यांत आहे. परदेशी शासनाने दिलेला कागद रिझर्व्ह बँकेला एका ठिकाणी विश्वासार्ह वाटतो, तर भारतीय नागरिक असलेल्या ग्राहकाने आणलेला तसाच कागद वाचूनही न पाहता बाजूला सारणे कितपत योग्य आहे, याचा विचार व्हावा.

यास्तव माझी विनंती अशी की, शाखेला माझे मूळ कागद पडताळून केवायसी पूर्ण करण्याची स्पष्ट सूचना द्यावी, तशी तारखेसह पोच मला मिळावी आणि खात्यातील व्यवहार विनाविलंब सुरू करावेत. स्थायी सूचना अयशस्वी ठरल्याबद्दल आकारलेले शुल्क खात्यात परत जमा करावे. माझा जपानमधील पत्ता इमारत, खोली आणि सात अंकी पिनकोडसह पूर्ण नोंदवावा, म्हणजे पुढील केवायसीच्या वेळी आपण पाठवलेली पत्रे तरी माझ्यापर्यंत पोचतील. एखादा कागद तरीही अमान्य करावयाचा असल्यास तो कोणत्या नियमाच्या आधारे आणि का अमान्य केला, हे मला लेखी कळवावे. अॅपमधील एका ओळीच्या शेऱ्यावरून मला काहीच कळत नाही. सांगली जिल्ह्यातील माझ्यासारखी अनेक मुलेमुली आज परदेशात नोकरी करतात आणि त्यांची खाती येथेच आहेत. त्यांच्यासाठी त्या त्या देशात प्रत्यक्ष मिळणाऱ्या पत्त्याच्या दाखल्यांची यादी आपल्या शाखांना द्यावी, ही सूचनाही मी मनापासून करते.

माझी रजा थोडीच उरली आहे, म्हणून मी सांगलीत असतानाच या पत्रावर कारवाई व्हावी. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार दाखल करण्याचा माझा हक्क मी राखून ठेवते. वर उल्लेखिलेल्या सर्व कागदपत्रांच्या आणि परत आलेल्या पाकिटाच्या छायाप्रती या पत्रासोबत जोडल्या आहेत.

कळावे,

आपली विश्वासू,
एनआरओ खातेदार, सांगली शाखा
(नाव, खाते क्रमांक व स्वाक्षरी सोबतच्या अर्जावर)