शनिवारच्या आहारवर्गासाठी आठवण

सर्व मैत्रिणींनो,

आहारवर्गाची दुसरी बैठक येत्या शनिवारी, दुपारी ४ वाजता, नेहमीच्याच हॉलमध्ये. शुक्रवारी दिवसभरात जे खाल्लं ते लिहून आणा, चहासोबतच्या दोन बिस्किटांसकट. (मागच्या वेळी ती कुणाच्याच यादीत नव्हती!)

या वेळी विषय प्रथिनांचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या बाईला सुमारे ५० ग्रॅम. पातळ वरणाच्या एका वाटीने ते भागत नाही. मटकीची उसळ, पिठलं, दही, शेंगदाण्याचं कूट, अंडी, मासे यांचा मेळ घालावा लागतो. भाकरीसोबत डाळ का हवी, तेही पाहू: ज्वारीत लायसिन (प्रथिनांतला एक गरजेचा घटक) कमी असतं, ते डाळीतून मिळतं.

पालेभाजीवर लिंबू पिळा, लोह चांगलं शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा मात्र नको. यावर वाद होणार हे माहीत आहे, तो शनिवारी घालू.

घरातलं एखादं रिकामं पाकीट आणा, लेबल वाचायला शिकायचं आहे. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

येणार नसाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.