वारं गेलेल्या माणसाच्या घरच्यांना शिकवणार कोण? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स. न. वि. वि.

सरकारी नोकरीत मी ३१ वर्षं काढली. अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स म्हणून लागले, परिसेविका म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर म्हणून निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डात गेली, आणि त्या वॉर्डात लकव्याचा पेशंट नाही असा दिवस मला आठवत नाही. गावाकडे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. आपल्याकडे माझं मागणं एकच आहे. अशा पेशंटच्या घरच्यांना शिकवणं हे सिस्टरचं ठरवून दिलेलं काम करा आणि त्यासाठी तिला ड्युटीतला वेळ द्या.

एक प्रसंग सांगते. साठीतले एक शेतकरी होते, उजवी बाजू गेलेली, बोलणं बंद. आठव्या दिवशी डिस्चार्ज झाला. त्या पाळीला चाळीस खाटांना आम्ही दोघी होतो. कार्डावरच्या गोळ्या समजावल्या, अंगठा घेतला. त्यांच्या पत्नीने विचारलं, “सिस्टर, खायला काय देऊ?” मी पुढच्या पेशंटचं सलाईन बदलता बदलता म्हणाले, “पातळ द्या.”

बाराव्या दिवशी ते परत आले ते छाती भरलेली, तापाने फणफणलेले. त्या माऊलीने सांगितलं, आडवं ठेवूनच चमच्याचमच्याने पेज पाजत होते. दर घोटाला ठसका लागायचा, तिला वाटलं भूक लागलीय म्हणून घाई करतात. तिसऱ्या रात्री ते गेले. स्टीलची वाटी आणि चमचा तिच्या पिशवीतच होता.

तिचं काही चुकलं नव्हतं. ‘पातळ’ हा शब्द माझा होता. लकव्यात बऱ्याचदा गिळण्याचे स्नायूही लुळे पडतात, आणि पाणी, चहा, पेज यांसारखं पातळच सगळ्यात आधी श्वासनळीत उतरतं. पेशंटला ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, घास घट्टसर आणि अर्धा चमचा, तोही चांगल्या बाजूच्या गालात. गिळल्यावर आवाज ओला, घरघरता आला की थांबायचं. गालात साठलेलं काढायचं. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. आणि उठवताना लुळा हात धरून ओढायचं नाही, त्याने खांदा निखळतो; खवाट्याखाली हात घालून उठवायचं. हे सगळं सांगून, एकदा त्यांच्याकडून करून घ्यायला वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं आमच्याकडे नव्हती.

सिस्टरच्या हातात किती असतं याचा पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्समधल्या १९ रुग्णालयांत एक अभ्यास झाला, २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पहिले तीन दिवस ताप, रक्तातली साखर आणि गिळणं या तीन गोष्टी सिस्टरांनी ठरलेल्या पद्धतीने सांभाळायच्या, एवढंच. तीन महिन्यांनी मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी झालेल्या पेशंटचं प्रमाण तिथे ४२ टक्के होतं, जिथे नेहमीसारखंच चाललं तिथे ५८ टक्के. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडते. आपल्याच देशात १४ रुग्णालयांतल्या १२५० पेशंटवर अभ्यास झाला. घरच्यांना व्यायाम शिकवून पुनर्वसन त्यांच्याकडे सोपवलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आला की सहा महिन्यांनी काही फरक पडला नाही, शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या, दोन्ही गटांत ४७ टक्के लोक दगावलेले किंवा परावलंबी. यावरून कुणी म्हणेल, घरच्यांना शिकवून उपयोग नाही. मला त्यातून वेगळं दिसतं. फिजिओथेरपिस्टची जागा सुनेच्या आणि लेकीच्या गळ्यात मारता येणार नाही. पण भरवणं, कूस बदलणं, गोळी देणं हे घरच्यांनाच करायचंय, कुणी शिकवो न शिकवो. मग ते धड शिकवून घरी पाठवायला हवं, आणि घरी गेल्यावर कुणीतरी डोकावायला हवं. आयुष्मान आरोग्य मंदिरातले, म्हणजे गावाजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातले, समुदाय आरोग्य अधिकारी आणि एएनएम (तिथल्या नर्सबाई) पहिल्या महिन्यात दोनदा घरी गेले तर पडून राहिल्याने होणारी पाठीची जखम सुरू होतानाच दिसेल, हाडापर्यंत पोचल्यावर नाही.

शहरातल्या बैठकीत हा मोठ्या रुग्णालयांचा प्रश्न वाटू शकतो. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची दोन वर्षं नोंद ठेवली. लकवा हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं, दर सातांतला एक मृत्यू, आणि बहुतेक जण घरीच गेले.

झटका येतो तेव्हाही पहिला माणूस घरचाच असतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्याआधी सीटी स्कॅन. डॉक्टर पहिलं विचारतात, “शेवटचे धडधाकट कधी दिसले?” याचं उत्तर फक्त घरच्यांकडे असतं. आमच्याकडे मात्र कबुतराचं रक्त चोळून, झाडपाल्याच्या औषधाला जाऊन, दुसऱ्या दिवशी दुपारी पेशंट यायचा. तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोलणं अडखळतं: यातलं एक जरी दिसलं तरी तोंडात पाणीसुद्धा न घालता १०८ ला फोन, आणि गाडी सीटी असलेल्या ठिकाणीच जायला हवी. हे प्रत्येक आशाताईला पाठ असलं पाहिजे.

प्रतिबंधाचं, म्हणजे लकवा येऊच नये म्हणून रक्तदाब ताब्यात ठेवण्याचं, फार लांबवत नाही, कारण तिथे काय करायचं हे खात्याला माहीत आहे. भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या जिल्ह्यांत रक्तदाब नियंत्रणाचं काम शिस्तीने सुरू झालं होतं. फक्त गोळ्या एका वेळी महिनाभराच्या द्या. दर आठवड्याला एका दिवसाची मजुरी बुडवून कुणी येत नाही. बरं वाटलं की गोळी सुटते, आणि ती सुटल्याचं पहिल्यांदा कळतं ते घरातल्या बाईलाच.

तेव्हा विनंती अशी: प्रत्येक जिल्हा रुग्णालयात लकव्याच्या पेशंटसाठी किमान एक प्रशिक्षित सिस्टर, तिला दुसरी ड्युटी नाही. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काही द्यायचं नाही, असा लेखी आदेश. आणि डिस्चार्ज कार्डावर एक रकाना: घरच्यांपैकी कुणाला शिकवलं, त्यांनी करून दाखवलं का. सही सिस्टरची.

त्या वीस मिनिटांत काय शिकवायचं, हे मी मराठीत एका पानावर उतरवून ठेवलंय. आपल्या कार्यालयाने मागितलं तर पाठवते. शिकवायला बोलावलंत तर येतेही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका