पाऊस, कापूस आणि एकच आकडा

संपादक महोदय,

कापसाची वेचणी सरत आली की खानदेशात दरवर्षी पाऊस आणि कापसाचे उत्पादन यांच्या संबंधाची चर्चा सुरू होते. हल्ली त्या चर्चेत सहसंबंध गुणांक म्हणून एक आकडाही सांगितला जातो. तो मोठा निघाला की 'सगळे पावसावरच' आणि लहान निघाला की 'पावसाचा काही संबंध नाही' असा निर्वाळा दिला जातो. ज्या नोंदींवरून हा आकडा काढला त्या समोर नसतील, तर हे दोन्ही निर्वाळे घाईचे ठरतात.

कार्ल पिअर्सन यांनी 1896 मध्ये मांडलेला हा गुणांक उणे 1 ते अधिक 1 यांच्या दरम्यान असतो आणि दोन राशींचा संबंध सरळ रेषेच्या किती जवळ जातो, एवढेच तो सांगतो. कापूस आणि पाऊस यांचा संबंध मात्र सरळ रेषेचा नाही. पाऊस कमी पडला तर पीक करपते आणि बेताचा पडला तर उतारा वाढतो. पण काळ्या भारी जमिनीत पाणी साचून राहिले की पातेगळ होते (फुलांच्या कळ्या गळतात), आकस्मिक मर येते (झाडे अचानक सुकतात) आणि बोंडे फुटल्यावर परतीच्या पावसाने गाठले तर हाती डागाळलेला, कवडी कापूस उरतो. म्हणजे रेषा आधी चढते आणि मग उतरते. अशा ठिकाणी संबंध घट्ट असूनही गुणांक शून्याच्या आसपास येऊ शकतो. शिवाय हंगामाच्या एकूण मिलिमीटरमध्ये ऑगस्टमधला वीस दिवसांचा खंड दिसतच नाही.

फ्रान्सिस अॅन्सकोम्ब यांनी 1973 मध्ये प्रत्येकी अकरा नोंदींचे चार संच तयार केले. चारही संचांचा गुणांक जवळजवळ सारखा, म्हणजे 0.816, पण आलेख काढले तर एकात साधारण सरळ कल दिसतो, दुसऱ्यात स्वच्छ वक्र, तिसऱ्यात एकच नोंद रेषेपासून दूर पडलेली आणि चौथ्यात एकट्या नोंदीमुळे संबंधाचा निव्वळ आभास. आपल्याकडे 1972 सारखे एखादे दुष्काळी वर्ष नोंदींत असले, तर ते एकटेच सगळी रेषा आपल्याकडे ओढून घेऊ शकते.

याहून गंभीर प्रश्न जळगाव जिल्ह्याच्या सरासरीचा आहे. चोपडा, यावल, रावेर या तापीकाठच्या तालुक्यांत विहिरीच्या पाण्यावर, ठिबक टाकून मे महिन्यातच कापूस लावणारे शेतकरी आहेत. अमळनेर, पारोळ्याकडचा बराच कापूस कोरडवाहू. पहिल्या पट्ट्यात जूनच्या पावसाशी उत्पादनाचा संबंध सैल असणार आणि दुसऱ्यात घट्ट, हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही. दोन्ही एकत्र करून काढलेला गुणांक मात्र यांपैकी कोणालाच लागू पडत नाही. समूहाच्या सरासरींमधला संबंध व्यक्तीवर लादता येत नाही, हे डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी 1950 मध्येच अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखवले होते: राज्यांच्या पातळीवर परदेशी जन्म आणि निरक्षरता यांचा संबंध उलटा दिसत होता, तर व्यक्तींच्या पातळीवर तो सुलटा, पण क्षीण होता. (पावसाची नोंदही महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरची असते, मंडळात धो धो पडला तेव्हा आपले शिवार कोरडे होते, असे सांगणारा शेतकरी गावोगाव भेटेल.)

काळाचेही तसेच आहे. देशात बीटी कापसाला (बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुकीय बदल केलेल्या वाणाला) 2002 मध्ये परवानगी मिळाली, त्यानंतर बियाणे आणि खतांची पद्धत बदलली आणि पुढे गुलाबी बोंडअळीने बीटीलाही दाद दिली नाही. त्यामुळे 2002 च्या आधीची आणि नंतरची वर्षे एका माळेत ओवून जो संबंध निघतो, तो पावसाचा की बियाण्याचा हे त्या आकड्यावरून ओळखता येत नाही. वर्षागणिक वाढत जाणाऱ्या कोणत्याही दोन गोष्टींत सहसंबंध दिसतोच. मोबाइल टॉवर आणि कापसाचा उतारा यांच्यातही तो काढता येईल. जी. उडनी यूल यांनी 1926 मध्ये अशा निरर्थक सहसंबंधांवर सविस्तर लिहिले आहे.

नोंदी किती आहेत, हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. पाचच वर्षांचे आकडे असतील तर 0.8 हा गुणांकही निव्वळ योगायोगाने येऊ शकतो, कारण रूढ 5 टक्के पातळीवर (म्हणजे संबंध नसतानाही एवढा गुणांक येण्याची शक्यता 5 टक्क्यांवर जाऊ नये, या कसोटीवर) तिथे निदान 0.878 लागतो, तीस वर्षांच्या नोंदी असतील तर 0.361 पुरतो. आणि 0.7 गुणांक आला तरी त्याचा वर्ग 0.49, म्हणजे उत्पादनातील चढउतारांपैकी निम्म्याहून अधिक भागाचा उलगडा पावसाच्या सरळ रेषेने होत नाही.

म्हणून विनंती अशी की आपल्या दैनिकाने हा गुणांक कधीही एकटा छापू नये. त्यासोबत प्रत्येक वर्षाचा एक ठिपका दाखवणारा आलेख द्यावा, वर्षांची संख्या लिहावी, 2002 पूर्वीचे ठिपके वेगळ्या खुणेने दाखवावेत आणि बागायती व कोरडवाहू तालुक्यांचे आकडे वेगळे मांडावेत. जागेची अडचण असल्यास गुणांक वगळला तरी चालेल, पण आलेख वगळू नये.

आपला नम्र,
एक निवृत्त संख्याशास्त्र शिक्षक, अमळनेर