फांदीखालची हजेरी

माउंट होरेब, विस्कॉन्सिन, अमेरिका
८ डिसेंबर

प्रिय गजू,

दिवाळीला फोनवर तू जे म्हणालास ते अजून कानात आहे. "जंगलखात्याच्या क्वार्टरमध्ये लहानाचे मोठे झालो आपण, अन् तू तिकडं जाऊन हरणाला खोटं सांगून बोलावतोस का बे?" मागं तुझी पोरं फटाक्यांवरून भांडत होती म्हणून मी हसण्यावारी नेलं. आज रविवार आहे, बाहेर बर्फ आहे, हरणाच्या शिकारीचा, बंदुकीचा नऊ दिवसांचा सीझन होऊन गेलाय आणि बायको पोरीला घेऊन मराठी शाळेत गेली आहे. तेव्हा आता निवांत ऐक.

नागझिऱ्याचं ते चितळ आठवतं? बारावीच्या सुट्टीत, तळ्याच्या अलीकडच्या वळणावर. मागच्या दोन पायांवर उभं राहून फांदीत तोंड खुपसत होतं. मी म्हटलं, वरचा पाला खातंय. तुझे बाबा सायकलवरून उतरले आणि हळूच म्हणाले, "खात नाही. चिठ्ठी ठेवतंय." आपण दोघं फिदीफिदी हसलो. त्यांचं ते वाक्य मला इथे येऊन वीस वर्षांनी कळलं.

इथलं हरीण म्हणजे व्हाइटटेल. शेपटीची खालची बाजू पांढरीशुभ्र, पळताना ती झेंड्यासारखी वर करतं. सप्टेंबरात नराच्या शिंगांवरची मखमलीसारखी कातडी सोलून निघते आणि ऑक्टोबर लागला की त्याचा उद्योग सुरू होतो. वाटेवर झुकलेली एखादी आडवी फांदी तो निवडतो. ती चावतो, चाटतो, डोळ्याच्या कोपऱ्यातली ग्रंथी आणि कपाळ तिच्यावर घासतो. मग खालचा पालापाचोळा पुढच्या खुरांनी उकरून ताटाएवढी, कधी चांगली परातीएवढी माती उघडी करतो. त्यावर उभा राहून मागचे पाय जवळ घेतो आणि सांध्याच्या आतल्या बाजूला जे केसांचे झुबके असतात, ते एकमेकांवर घासत त्यांवरून लघवी सोडतो. नोव्हेंबरपर्यंत ते झुबके काळे पडतात आणि वास असा, की बोकडानं मान खाली घालावी. ही त्याची वासाची चिठ्ठी. या उकरलेल्या जागेला इथे स्क्रेप म्हणतात. मॉक स्क्रेप म्हणजे तोच उद्योग माणसानं करून ठेवायचा. तू ज्याला खोटं म्हणालास ते हे.

पहिल्या वर्षी मी अगदी साग्रसंगीत केलं. दुकानातून मादीच्या मूत्राची वीस डॉलरची बाटली आणली. मोहरीच्या तेलाच्या बाटलीएवढी, वर हरणाचं चित्र. ती गाडीच्या डिकीत ठेवली आणि विसरलो. त्याच शनिवारी मंडळाच्या गणपतीला एकशे एक मोदक पोचवायचं काम आमच्याकडे होतं. झाकण ढिलं होतं. मोदक पुढच्या सीटवर होते म्हणून वाचले, पण हिनं हॉलपर्यंत सगळ्या काचा खाली करून गाडी चालवली आणि माझ्याशी गौरी विसर्जनापर्यंत बोलली नाही. अजूनही पावसाळी हवा असली की डिकी आठवण करून देते.

बरं, एवढं करून त्या स्क्रेपवर एकही हरीण फिरकलं नाही. मी माती छान उकरली होती, बाटलीत उरलेलं ओतलं होतं, पण जागा निवडली होती एका सरळसोट पाइनखाली. वर फांदीच नव्हती.

ज्याच्या रानात मी जातो तो म्हातारा ऐंशीच्या घरातला. पूर्वज नॉर्वेहून आले, या भागात तसे बरेच आहेत. दूध काढायचं त्यानं बंद केलं, पण गोठा रोज झाडतो. बोलतो मोजकं. माझा तो खड्डा बघून त्यानं एकदाच वर बघितलं आणि म्हणाला, "जमीन कशाला बघतोस? फांदी बघ." आणि पाठ फिरवून तिथेच कुंपणाशी लघवीला उभा राहिला. त्याचं स्क्रेप तयार. हसू नको, इथले कितीतरी शिकारी हेच करतात. बाटलीपेक्षा यात काही कमी पडतं असा त्यांचा अनुभव नाही, माझाही नाही.

बाटली तर मी दुसऱ्याही कारणानं सोडली. २००२ साली याच भागात, माउंट होरेबच्या आसपास मारलेल्या तीन नरांमध्ये सीडब्ल्यूडी, म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा रोग सापडला. हरणाचा मेंदू पोखरणारा, औषध नसलेला. तो जंतूमुळे होत नाही, प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, आणि ते लाळेतून, मूत्रातून बाहेर पडतं, मातीत वर्षानुवर्षं टिकतं. आता कुठल्या फार्मवरच्या कुठल्या हरणांचं मूत्र गोळा करून बाटलीत भरतात आणि आपण ते नेऊन दुसऱ्याच्या रानात ओततो. व्हर्जिनियानं २०१५ पासून त्यावर बंदीच घातली. कायद्याचं राहू दे, मला तर ते विहिरीत कुणाचंही पाणी ओतण्यासारखं वाटतं.

तर आता करतो ते असं. ऑगस्टच्या शेवटी, अजून मका उभा असताना, रानाच्या कडेला जिथं दोन पायवाटा मिळतात तिथं जातो. पायात रबरी बूट, हातात रबरी मोजे. ओकची फांदी मिळाली तर उत्तम, ती टोकाला माझ्या छातीपर्यंत आली पाहिजे. फांदी उंच असेल तर खाली ओढून दोरीनं बांधतो. नसेलच तर दुसरीकडची कापून झिप टायनं लावतो. गेल्या वर्षी जंगली द्राक्षाचा एक जाडसर वेल नुसता लोंबता बांधला होता, तो सगळ्यांत जास्त चालला. टोकं थोडी मोडून ठेवायची, पानं चुरगळायची. मग खाली लोखंडी दाताळ्यानं दोन-अडीच फूट माती उघडी करायची, आणि म्हाताऱ्याची पद्धत. पंधरा मिनिटांत काम उरकून निघायचं, आपल्या अंगाचा वास घेऊन परत परत तिथं जायचं नाही.

ट्रेल कॅमेरा, म्हणजे तुमच्या खात्याचा कॅमेरा ट्रॅप, समोर कुणी आलं की आपोआप फोटो काढून फोनवर धाडणारा, मी आठ फूट उंचीवर बांधतो आणि खाली वळवतो. समोर डोळ्यांच्या रेषेत लावला तर मोठे नर त्याच्याकडे टक लावून बघतात आणि मग आठवडाभर येत नाहीत.

आता गंमत ऐक. या वर्षी पहिला फोटो नराचा नव्हताच. सप्टेंबरात एक मादी आणि तिची दोन पाडसं आली. मादीनं मान उंच करून फांदीचं टोक नुसतं हुंगलं, दोनदा चाटलं आणि गेली. खाली जमिनीकडे तिनं बघितलंही नाही. त्यानंतर दीड वर्षाचे दोन पोरगेलेसे नर, मग एक जाडा, डावं शिंग मोडकं. ऑक्टोबर संपेपर्यंत त्या एका फांदीवर सहा वेगवेगळे नर हजेरी लावून गेले होते. मला आधी वाटायचं एक स्क्रेप म्हणजे एका नराची मालकी, दुसरा आला तर मारामारी. तसं काही नाही. पारावरची बाकं जशी कुणा एकाची नसतात, तसंच. मी उकरलेला खड्डा त्यांनी दुप्पट मोठा केला, शेजारी अजून दोन काढले, बांधलेली फांदी चावून चावून दाढीच्या ब्रशसारखी केली. माझा वास तोवर कधीच धुवून गेला होता.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: खोटं होतं ते फार तर पहिले चार दिवस. मी कोरा कागद ठेवला, चिठ्ठ्या त्यांच्या त्यांनी लिहिल्या.

बरं, यानं शिकार जमते का? तिथे मात्र इथले दुकानदार तुला सरळ थाप मारतील. जॉर्जिया विद्यापीठातल्या लोकांनी कॅमेरे लावून बघितलं, तर स्क्रेपवरच्या बहुतेक भेटी रात्रीच्या निघाल्या. माझंही तेच. मोडक्या शिंगाचा तो गडी अकरा वेळा आला, त्यात दहा वेळा अंधारात. अकराव्यांदा आला ३१ ऑक्टोबरला, सकाळी सव्वानऊला, लख्ख उन्हात. मी तेव्हा ऑफिसात, पुढच्या तिमाहीच्या बजेटवर मान डोलवत बसलो होतो. फोन टेबलाखाली थरथरला, फोटो उघडला, आणि म्हणे माझा चेहरा असा झाला की बाजूच्या बाईनं घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा आला की स्क्रेप ओस पडतात. नर माद्यांच्या मागे रानोमाळ धावत असतात, चिठ्ठ्या लिहायला वेळ कुणाला? तरीही मी त्याच ओकपासून वीस यार्डांवर मचाणावर बसलो. पट्टा अंगाला बांधून, क्रॉसबो दोरीनं नंतर वर ओढून घेत. वारा वायव्येकडून माझ्या तोंडावर. तीन पहाटा काही नाही, फक्त खारी, आणि हातापायांची बोटं आपली नाहीत अशी वाटायला लागेपर्यंत थंडी. चौथ्या पहाटे एक एकटी मोठी मादी आली. फांदीखाली थांबली नाही, वाट सोडून मक्याच्या धसकटांकडे वळली आणि क्षणभर आडवी उभी राहिली. माझ्याकडे मादीचा टॅग, म्हणजे मादी मारायचा परवाना होता. ती साठ पावलांवर पडली.

हे वाचून तुला बरं वाटणार नाही हे मला ठाऊक आहे. मलाही प्रत्येक वेळी हात थंड पडून बसायला लागतं, अर्धा तास तरी. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली ते योग्यच झालं आणि नागझिऱ्यात कुणी चितळाला हात लावला तर मी तुझ्या बाजूनं उभा राहीन. इथे लांडगे आहेत ते वर उत्तरेला. या शेतांच्या पट्ट्यात हरणाला खाणारं फारसं कुणी उरलं नाही, आणि मका-सोयाबीन खाऊन ती इतकी वाढलीत की गाडीखाली येणारी रोज दिसतात. तुझं मन वळवायला हे लिहीत नाही.

मादीचं डोकं तपासणीला दिलं होतं. डब्यात ठेवून चिठ्ठी लावून यायची, पैसे पडत नाहीत. रिपोर्ट गुरुवारी आला, रोग आढळला नाही. तोवर मांस फ्रीजरमध्ये तसंच होतं. काल रात्री पहिल्यांदा शिजवलं, तू पाठवलेल्या सावजी मसाल्यात. मांसात चरबी जवळजवळ नसते, म्हणून तर्री यायला जवसाचं तेल नेहमीपेक्षा सढळ लागलं. म्हाताऱ्याला डबा नेऊन दिला. त्यानं दोन ग्लास दूध पिऊन संपवला आणि डबा धुवून परत केला.

आज सकाळी कॅमेऱ्यात नवा फोटो आलाय, तो सोबत पाठवतो. खालची माती बर्फाखाली गेली आहे, स्क्रेपचा मागमूस नाही. आणि ते मोडकं शिंग, मान वर करून, डोळे मिटून, त्या फांदीला कपाळ लावून उभं आहे. माझ्या हाती लागलं नाही म्हणून काय झालं, मला आनंद झाला की ते अजून आहे.

आता तुझं काम. पुढच्या खेपेला नागझिऱ्याला गेलास की तळ्याच्या त्या वळणावर थांब. तिथली फांदी अजून असेल तर तिची टोकं बघ, चावलेली आहेत का, आणि फोटो पाठव. बाबांच्या फोटोपुढे माझ्याही नावानं एक उदबत्ती लाव. काकूंना नमस्कार, आणि त्यांना सांग, मोहाच्या फुलांचं काही पाठवू नका, मागच्या वेळी कस्टमवाल्यानं ते हुंगून माझ्याकडे फार विचित्र नजरेनं बघितलं होतं.

तुझा,
सुध्या