खांद्यावरच्या पट्ट्यातला महाराष्ट्र : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनाला आपण नागपुरात याल तेव्हा मोर्चे, निवेदनं आणि लक्षवेधी सूचनांच्या गर्दीत माझा विषय कुणी ऐकून घेणार नाही, म्हणून आधीच लिहून ठेवते. विषय सौंदर्यस्पर्धांचा आहे. हसू नका. सोयाबीनला भाव नाही, कापूस घरात पडून आहे आणि या बाईंना मुकुटाचं सुचतंय, असं माझ्या घरातही ऐकवून झालं आहे.

मी नागपुरात मुलींना वस्त्रकला शिकवत आले. पदर कसा पडावा, काठ कुठे यावा, एवढंच माझं क्षेत्र. कॉलेजच्या गॅदरिंगमधून पुढे राज्याच्या निवडीपर्यंत जाऊ पाहणाऱ्या पोरी सल्ल्याला येतात आणि बहुतेकींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘मॅडम, पैठणी कुठं भाड्यानं भेटंल?’ भंडाऱ्याची असो, आरमोरीची असो की सावलीची, प्रत्येकीला पैठणी, नथ आणि चंद्रकोर हवी असते. मी त्यांना दोष देत नाही. ‘महाराष्ट्र’ म्हटल्यावर परीक्षकांच्या डोळ्यांपुढे काय येतं, हे त्यांनी बरोबर ओळखलेलं असतं.

मिस इंडिया स्पर्धेने २०१७ मध्ये पद्धत बदलली आणि राज्याराज्यांतून एकेक मुलगी घ्यायला सुरुवात केली. तेव्हापासून मंचावर मुलीबरोबर तिचं राज्यही उभं राहतं. किताब कुठे गेले पाहा : २०१७ मध्ये हरियाणा, मग तामिळनाडू, राजस्थान, तेलंगणा, कर्नाटक, २०२३ मध्ये पुन्हा राजस्थान आणि २०२४ मध्ये आपल्या शेजारचं मध्य प्रदेश. फॅशनचा धंदा मुंबईत, कॅमेरे मुंबईत, शिकवण्या मुंबईत, आणि महाराष्ट्राचा पट्टा या यादीत कुठेच नाही. २०२२ मध्ये कर्नाटकाकडून जिंकलेली सिनी शेट्टीसुद्धा जन्मली मुंबईतच. सात निकालांवरून सिद्धान्त मांडू नये, हे कळतं मला. नशीब, परीक्षकांची लहर आणि त्या मुलीची जिद्द यांचा वाटा मोठाच असतो. सुष्मिता सेनने १९९४ मध्ये दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातलं कापड आणून साध्या शिंप्याकडून गाऊन शिवून घेतला होता आणि हातमोजे पायमोज्यांचे केले होते, हे तिनेच सांगितलं आहे. तिच्या पाठीशी कुठल्या प्रांताचा दरबार होता? पण राजस्थान दोनदा जिंकतो याचं मला फारसं नवल वाटत नाही, आणि त्याचं कारण मला इतिहासात दिसतं.

राजस्थानातले दरबार थेट स्वातंत्र्यापर्यंत टिकले. दरबार टिकला म्हणजे विणकर, रंगारी, सोनार, मीनाकाम करणारे यांचं गिऱ्हाईक टिकलं. पुढे राजवाड्यांची हॉटेलं झाली, पर्यटक आले आणि तेच कारागीर नव्या गिऱ्हाइकाला विकू लागले. २०२३ ची विजेती नंदिनी गुप्ता कोट्याची. कोटा डोरिया साड्या विणणारं कैथून तिच्या गावाला लागूनच. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलीला वारसा कुणी समजावून सांगावा लागत नाही. तो दुकानात टांगलेला असतो.

आता नागपूर बघा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंदशहा याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हे शहर वसवलं, पुढे भोसल्यांनी वाढवलं. तिसरे रघुजी १८५३ च्या डिसेंबरात वारले, औरस वारस नव्हता, आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. नंतर राजघराण्याचे जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन लिलावात काढले. ज्या वस्तूंवरून ‘नागपुरी थाट’ पुढच्या पिढ्यांना दाखवता आला असता, त्या बोली लावून विकल्या गेल्या. महाल आणि इतवारी या वस्त्यांतल्या कोष्ट्यांचं, म्हणजे विणकरांचं, सर्वांत मोठं गिऱ्हाईकही तेव्हाच गेलं. १८७७ च्या पहिल्या जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. शहराला रोजगार मिळाला, हातमागाची पंचाईत झाली. १९५६ मध्ये जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचा मानही गेला. म्हणजे राजस्थानच्या मानाने जवळजवळ शंभर वर्षं आधी आमचा आश्रय तुटला आणि नंतर ज्या राज्यात आम्ही आलो त्याचा चेहरा आधीच ठरलेला होता : पेशवाई, नऊवारी, नथ. त्या चेहऱ्याशी माझं भांडण नाही, छानच आहे तो. पण तो एकटाच महाराष्ट्र कसा?

आणि सौंदर्याच्या गोष्टीत विदर्भाला दरिद्री ठरवायचं म्हणजे कमालच झाली. दमयंती इथली, रुक्मिणी इथली, लोपामुद्रा इथली, इंदुमती इथली. इंदुमतीच्या स्वयंवराचा प्रसंग कालिदासाने रघुवंशाच्या सहाव्या सर्गात रंगवला आहे. माझ्या विद्यार्थिनींना तो सांगते तेव्हा वर्ग खळखळून हसतो. मगधाचा, अंगाचा, अवंतीचा असे देशोदेशीचे राजे नटूनथटून ओळीने बसलेले. सुनंदा नावाची प्रतिहारी एकेकाची ओळख करून देते, याचं कुळ, याचं राज्य, याच्या नगरातली नदी. राजे मुकुट चाचपतात, हार सरळ करतात. विदर्भाची राजकन्या बघते आणि पुढे जाते. एवढी जुनी प्रांतवार स्पर्धा आणि परीक्षक आमची मुलगी! शिवाय सुनंदा प्रत्येक राजाची ओळख त्याच्या भूमीवरून करून देते, हेही बघण्यासारखं आहे. आजच्या मंचावर निवेदिका तेच करते.

पुराणकाव्याला कुणी पुरावा मानणार नसेल तर रामटेकजवळच्या नगरधनला जा. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन तीच. तिथे गुप्त घराण्यातल्या सम्राटाची मुलगी प्रभावती लहान मुलांच्या वतीने राज्य चालवत होती आणि उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली आहे. अजिंठ्याच्या भिंतींवरचे केशसंभार आणि मोत्यांच्या माळा सगळं जग बघतं. त्यांतली बरीच लेणी ज्या वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात झाली त्याची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. चंद्रपूरला गोंड राणी हिराईने नवऱ्याची, बीरशहाची समाधी बांधली, ती आजही उभी आहे. यातलं एकही नाव मंचावर ‘महाराष्ट्र’ म्हणून चालत आलेलं मला आठवत नाही.

तरी नुसता जुना इतिहास मुकुट मिळवून देत नाही. फिलिपीन्सचं उदाहरण मला म्हणूनच आवडतं. चार वेळा मिस युनिव्हर्स : १९६९, १९७३, २०१५ आणि २०१८. स्पॅनिश काळापासून तिथे गावोगाव संताच्या नावाची जत्रा भरते आणि जत्रेला एक राणी लागते. मे महिन्यात सांताक्रूझान नावाची मिरवणूक निघते, तीत गावातल्याच मुली राण्या बनून गावातूनच चालतात. गावातला शिंपी कपडे शिवतो, शेजारीपाजारी फुलांच्या कमानी धरतात. १९०८ पासून मनिलात कार्निव्हलच्या राण्या निवडल्या जाऊ लागल्या. म्हणजे एखादी मुलगी जगाच्या मंचावर पोचते तोवर गर्दीसमोर चालायची सवय तिच्या गावाच्या अंगात मुरलेली असते. २०१८ ची विजेती कॅट्रिओना ग्रे हिची आई आल्बाय प्रांतातली. त्या प्रांतात मायोन ज्वालामुखी आहे आणि अंतिम फेरीत तिने घातलेला लाल गाऊन त्याच्या लाव्ह्यावरून बेतलेला होता. अक्लान प्रांतात अननसाच्या पानांच्या धाग्याचं कापड विणतात, २०२३ मध्ये युनेस्कोनेही त्या विणकामाची नोंद घेतली. प्रांत, कापड आणि मुलगी तिथे एकमेकांना ओळखतात.

आमच्याकडे ही सवय नाही असं समजू नका. तान्हा पोळा कधी पाहिला आहे का आपण? दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी लहान मुलांसाठी लाकडी बैलांचा हा पोळा सुरू केला, असं सांगतात. आज गल्लीगल्लीत पोरंपोरी वेषभूषा करून बैल घेऊन रांगेत उभी राहतात, परीक्षक फिरतात, बक्षिसं वाटली जातात. नंतर त्याच मुली भुलाबाईची गाणी म्हणायला घरोघर जातात. तिकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, वडसा, आरमोरीपासून नाटकांचा हंगाम रंगतो आणि थंडीत रात्रभर हजारो माणसं मंडपात बसतात. मंचाची भीती मोडायला याहून चांगली शाळा कुठली? पण या मंचावरून पुढच्या मंचाकडे जाणारा रस्ताच नाही. मधे पुणे-मुंबई आणि तिथला राहण्याखाण्याचा खर्च.

कापडाचं तर विचारूच नका. ऐन-अर्जुनाच्या झाडांवरच्या कोशांपासून निघणारं टसर, त्याला आमच्याकडे कोसा म्हणतात, आणि त्याची करवत काठी साडी. अंग आणि दोन्ही काठ यांना वेगवेगळे धोटे लागतात, तीन धोटे एकमेकांत अडकवत विणायचं, तेव्हा कुठे काठावर करवतीचे दाते उमटतात. भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगाव, इकडे नागभीड, सावली. या साडीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. मंचाच्या प्रखर दिव्यात पैठणीची जरी भगभगते. कोसा उजेड पितो आणि मधाच्या रंगाने परत देतो. मी हे कापड हाताळणारी बाई आहे, माझ्यावर विश्वास ठेवा. आणि तरीही विदर्भात झालेल्या सरकारी सत्कारांत पाहुण्या बाईंच्या हातात मी पुन्हा पुन्हा पैठणीच पडताना पाहिली आहे. येवल्याच्या विणकराचं भलं होवो, पण भंडारा नागपूरहून साठेक किलोमीटर आहे, येवला किती लांब!

आता आपल्याला सावधही करायचं आहे. २०२५ च्या मे महिन्यात तेलंगणा सरकारने मिस वर्ल्ड हैदराबादला नेली. स्पर्धक मुलींना रामप्पा मंदिर दाखवलं, पोचमपल्लीला माग दाखवले, म्हणजे आमच्या पवनारच्या विनोबांना १९५१ मध्ये पहिलं भूदान मिळालं त्याच गावात. कल्पना चांगली होती. पण रामप्पाच्या भेटीत गावच्या बायकांनी खाली बसून या मुलींचे पाय धुतले-पुसले, ते चित्र देशभर गेलं आणि टीका झाली. ती योग्यच होती. वारसा दाखवायच्या नादात वारशाची मालकीण पायाशी बसली. उद्या कुणी ताडोबा, दीक्षाभूमी आणि संत्री एका पत्रकात छापून अशीच स्पर्धा नागपूरला आणायची योजना घेऊन आपल्याकडे आलं, तर आमच्या गोंड, हलबा, कोष्टी बायकांना स्वागताच्या रांगेत ताट घेऊन उभं करू नका. कोट्यवधी खर्चून तो सोहळा इथे आलाच पाहिजे असं माझं मुळीच म्हणणं नाही.

मागणं साधं आहे. विदर्भातल्या शासकीय सत्काराला करवत काठी द्या आणि विणकराचं नाव साडीबरोबर छापा. स्पर्धा खासगी आहेत हे मला ठाऊक आहे, पण त्यांना शासनाचं सभागृह, जाहिरात किंवा पर्यटन खात्याची मदत लागते तेव्हा अट घालता येते : एक निवड फेरी नागपुरात, एक गडचिरोलीत, आणि राज्याचा पोशाख दरवर्षी वेगळ्या विभागाच्या मागावरचा. तिसरं काम थेट आपल्या खात्याचं. १८६३ पासून उभा असलेला आमचा अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय. तिथे विदर्भातल्या नेसण्याच्या पद्धती, गोंदण आणि दागिने यांचं कायमचं दालन करा. गोंडी, कोलामी, पोवारी, बंजारा लुगडी-दागिन्यांची माहिती असलेल्या म्हाताऱ्या बाया अजून आहेत, त्यांना मानधन देऊन बोलवा आणि चित्रण करून ठेवा. पुढच्या वर्षी पैठणी विचारत येणाऱ्या पोरीला मला तिथे पाठवता येईल.

अधिवेशनाच्या काळात एखादा शनिवार मोकळा असेल तर आंधळगावला चला. मी सोबत येईन. फक्त सकाळी निघावं लागेल, कारण दुपारी माग थांबतात आणि मंत्र्यांच्या गाड्या आल्या की कुणी विणत नाही, सगळे उभे राहतात. म्हणून एकाच गाडीत, आगाऊ न कळवता.

आपली,
वस्त्रकलेची एक शिक्षिका
महाल, नागपूर