बांगड्यांवर रुमाल बांधणाऱ्या मावशींना

मावशी, नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल. त्याला म्हणावं, सावकाश वाच, मधलं गाळू नकोस. जुन्या लुगड्यांचं प्रदर्शन संपून आठ दिवस झाले. शेवटच्या दिवशीच्या गडबडीत मी तुमच्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला आणि टेम्पोत बसले. पेढ्यांवर भागवायची गोष्ट नव्हती ती, हे घरी येऊन ट्रंका लावताना कळलं.

खरं म्हणजे हे प्रदर्शन तुमच्या शाळेच्या हॉलमध्ये व्हायचंच नव्हतं. एका चकचकीत दालनात ठरलं होतं. तिथल्या बाईंनी माझ्या यादीवरून पेन फिरवलं. पैठण्या घेऊ, शालू घेऊ, चंद्रकळा घेऊ, फोटो छान येतात. आलवणापाशी, विधवांच्या तांबड्या लुगड्यापाशी, पेन थांबलं. ‘हे जरा निगेटिव्ह वाटतं हो. उद्घाटनाला पाहुणे असतात.’ माझ्या पणजीने 19व्या वर्षापासून मरेपर्यंत हेच नेसलं, तिला कुणी विचारलं होतं का निगेटिव्ह वाटतं का म्हणून? मी आलवण वगळायला नकार दिला. मग ‘कळवतो’ झालं आणि दहा दिवस राहिले असताना फोन उचलणंच बंद झालं. एक साडीवाले पैसे द्यायला तयार होते, पण दाराशी शिवलेल्या नऊवारीचा स्टॉल हवा होता त्यांना. पायजम्यासारखे पाय घालून चढवायची नऊवारी! त्यापेक्षा आमचे रिकामे खिसे बरे.

तुमच्या मुख्याध्यापिकांनी हॉल दिला, त्यांचे आभार मी वेगळे मानलेत. हे पत्र तुमचं.

तुम्ही मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ‘ताई, एवढी जुनी लुगडी जमवून काय मिळतं?’ तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आता सांगते. आमच्या शाळेची सहल पुण्याच्या केळकर संग्रहालयात गेली होती. दिनकर केळकरांनी घरोघरी हिंडून अडकित्ते, दिवे, वज्री असल्या वस्तू जमवल्या, त्याला आपल्या गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं आणि सगळं सरकारच्या हवाली केलं. पाय घासायची वज्री काचेच्या कपाटात बघून मी थक्क झाले होते. घरी आले तर दारात बोहारीण बसलेली आणि आई आजीची दोन लुगडी देऊन स्टीलचा डबा घेत होती. तो डबा अजून आहे आमच्याकडे, डाळीचा. लुगडी गेली. बायकांचे कपडे असेच जातात. लग्नातला शालू तेवढा कपाटात राहतो, तोही जरतार वितळवणाऱ्याची नजर चुकली तर. रोजच्या लुगड्याची गोधडी होते, गोधडीचं पोतेरं होतं, पोतेऱ्याचं काही होत नाही.

तर मी 25 वर्षं जमवत गेले. गुळेदगुड्डच्या खणांच्या गाठीच्या चोळ्या, फुग्याच्या बाह्यांची पोलकी, टोपपदराची इरकलं, एक येवल्याची पैठणी. आणि एवढं जमवून हॉलमध्ये आल्यावर अडले कशाशी? पुतळ्यांच्या पायांशी. दुकानातून भाड्याने आणलेल्या पुतळ्यांचे पाय जुळलेले. कासोटा घालायचा कुठून? मदतीला आलेल्या कॉलेजच्या मुली गुणी होत्या, व्हिडिओ बघून नेसवत होत्या आणि अडलं की टाचणी काढत होत्या. जुन्या रेशमाला टाचणी! घडीवर नुसतं बोट दाबलं तरी तडकतं ते. मी त्यांच्यावर ओरडले, एक मुलगी रडली, आणि तुम्ही दारातून, हातात झाडू तसाच, म्हणालात, ‘ओचा उलटा खोचलाय तिनं.’

दुसऱ्या दिवशी तुम्ही वायरच्या पिशवीतून आपल्या आईचं लुगडं आणलंत. म्हणालात, आधी यावर हात बसू दे पोरींचा, तुमचं कशाला दहादा हाताळायचं. पुतळे परत पाठवले. तुम्ही बांबूच्या घोडीला गोधड्यांच्या दोन वळकट्या बांधल्यात, झाले पाय. तज्ज्ञ म्हणवणाऱ्या एकाने मला याच कामाचा जो खर्च सांगितला होता, तो आकडा मी तुम्हाला सांगितला नाही. तुम्ही हसला असतात.

पण मला लिहायचंय ते आलवणाबद्दल. ते ट्रंकेतून काढलं तेव्हा वेखंडाचा वास सुटला आणि मुली जरा मागे सरकल्या. एकीच्या आईने फोनवरून बजावलं होतं म्हणे, तुझं लग्न ठरायचंय, हात लावू नकोस. तुम्ही पुढे झालात. आधी नळावर हात धुतलेत, पदराला नाही, स्वच्छ पंच्याला पुसलेत. मग हातातल्या हिरव्या काचेच्या बांगड्या एक एक करून मनगटावरून वर, पार कोपराखाली सरकवल्यात आणि त्यांच्यावर रुमाल गुंडाळून दातांनी गाठ मारलीत. दुसऱ्या हातालाही तसंच. मी विचारलं, हे कशाला? ‘काच अडकती ना, धागा निघंल.’

मावशी, माझ्याकडे संग्रहालयांतली मोठमोठी माणसं आली आहेत. बोटात अंगठ्या, मनगटावर घड्याळ, आणि पैठणीचा पदर उलटासुलटा करून ‘दोन्हीकडून सारखी, म्हणजे अस्सल’ असं मलाच शिकवून गेली आहेत. बांगडीचा विचार आजवर कुणी केला नव्हता. आणि तोही कुठल्या कापडासाठी? ना काठ, ना जर, तांबडं जाडंभरडं. माझ्या पणजीच्या बांगड्या कुणी अशा हळूच सरकवल्या नसणार.

नेसवता नेसवता तुम्ही बोललात. तुमची आई वाईला एका वाड्यात भांडी घासायची. तिथे एक सोवळ्या आजी होत्या. त्यांचं आलवण वळणीवर वाळत असायचं आणि तुम्हा पोरांना ताकीद होती, लांबून जा. एकदा खेळताना तुमचा हात लागला, तर त्या आजींनी ते परत धुतलं आणि तुमच्या आईला बोलणी बसली. हे सांगताना तुमचा आवाज जराही चढला नाही. डोक्यावरून पदर तेवढा दोनदा पुढे ओढून बघितलात आणि म्हणालात, ‘तेवढंच होतं बिचारीच्या हातात, सोवळं.’ मी त्यावर काय बोलणार होते? चार बुकं शिकलेली मी, पणजीचा कैवार घेऊन भांडत फिरणारी. त्या वळणीची दुसरी बाजू माझ्या एकाही लेबलवर नव्हती.

लेबल मात्र तुम्ही वाचायला लावलंत. 1890 साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा भरवली आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं, ती ओळ. ‘न्हाव्यांना कळलं व्हय,’ म्हणालात, ‘मग बाकीच्यांना का नाही?’ तीन दिवसांत शेरेबुकात बरंच कौतुक लिहिलं गेलं, पण या वाक्याच्या तोडीचं काही नाही.

लोक मला म्हणतात, चांगली माणसं राहिली नाहीत. दालनात नसतील. शाळेच्या व्हरांड्यात झाडू घेऊन उभी असतात, विचारायला कुणी जात नाही एवढंच. मीही गेले नव्हते, तुम्हीच आलात.

आता एक कबुली. तुमचं लुगडं चुकून माझ्या ट्रंकेत आलंय. रात्री उलगडलं आणि खाली बसले. मधोमध दंड घातलेला, विरलेला भाग कापून दोन्ही टोकं जोडलेली, टाके मुंगीच्या पावलाएवढे. दंड घातलेलं एकही लुगडं माझ्या संग्रहात नाही. 25 वर्षांत मिळालंच नाही म्हणत होते. खरं सांगायचं तर मी मागितलंही नव्हतं, काठ-पदर धड असलेलीच शोधत राहिले.

धुतलेलं नाही. मलमलीत गुंडाळून ठेवलंय. ते तुमचं आहे, हवं तर उद्या आणून देते. पण ठेवू दिलंत तर लेबलवर तुमच्या आईचं नाव घालायचंय, आणि तो दंड कुणी घातला, त्यांनी की तुम्ही, तेही. रविवारी चारला घरी असाल का?

तुमची,
लुगडीवाली ताई