तुम्ही ‘आत्ता नको’ म्हणालात, त्याबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता. मागच्या खेपेला मी “ताई, तुमच्यामुळे...” एवढंच म्हणाले, तर तुम्ही पिशवीत हात घालून पुढचं पुस्तक काढलंत. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. तुमचं नाव घालत नाही, ते तुम्हाला रुचणार नाही. उघडं लिहिण्याला आणखी एक कारण आहे. दुसऱ्याला पुस्तक सुचवणं हे किती जपून करायचं काम आहे, ते मला तुमच्याकडे बघून कळलं, आणि ते माझ्यापाशीच राहावं असं वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी आपल्या वाचकगटात पहिल्यांदा आले, तीही मैत्रिणीने जवळजवळ ओढून आणलं म्हणून. सगळे गोल करून बसले होते आणि सध्या काय वाचताय ते एकेक जण सांगत होता. माझी पाळी जवळ येत गेली तसे माझे तळहात ओले व्हायला लागले, कारण मी काहीच वाचत नव्हते. दादा जाऊन तेव्हा सात महिने झाले होते आणि त्या सात महिन्यांत माझ्याकडून एक पानसुद्धा धड वाचून झालं नव्हतं. पुस्तक उघडायचे, पहिला परिच्छेद वाचायचे, पुन्हा वाचायचे, तिसऱ्यांदा वाचायचे. अक्षरं डोळ्यांखालून नुसती सरकत राहायची. आमच्या घरात वाचणारे आम्ही दोघंच. एकाने वाचलं की दुसऱ्याने वाचायचं आणि मग त्यावरून भांडायचं, हा लहानपणापासूनचा शिरस्ता. भांडायला माणूसच उरलं नाही तर वाचायचं कशाला, असं काहीतरी मनात बसलं होतं. तेव्हा मला ते असं शब्दांत सांगता आलं नसतं.

पाळी आली तशी मी खोटं बोलले. कॉलेजात असताना वाचलेल्या एका कादंबरीचं नाव घेतलं आणि “परत वाचतेय” म्हणाले. माझ्यानंतर तुम्ही होतात. तुम्ही चष्मा काढून मांडीवर ठेवलात आणि म्हणालात, “या महिन्यात मी काहीच वाचलेलं नाही. मन लागलं नाही. लागेल तेव्हा वाचीन.”

बस, एवढंच. पुढे स्पष्टीकरण नाही, वेळ मिळाला नाही ही सबब नाही. त्या खोलीत सगळ्यांत जास्त वाचलेलं माणूस तुम्ही, हे मला पंधरा मिनिटांतच कळलं होतं. त्या माणसाने सरळ सांगितलं की मन लागलं नाही. माझ्या छातीवरचा दगड तिथेच थोडा हलला, ताई. तुम्ही माझं खोटं ओळखलं होतंत का, हे मी अजून विचारलेलं नाही.

निघताना जिन्यात तुम्ही मला गाठलंत. कोणते लेखक आवडतात, हे तुम्ही विचारलं नाहीत. “अर्धवट राहिलेलं शेवटचं पुस्तक कोणतं?” असं विचारलंत. या प्रश्नाला मात्र मला खोटं बोलता आलं नाही. म्हणाले, माझं नाही, दादाचं. एका गिर्यारोहकाने लिहिलेलं मोहिमेचं पुस्तक. पान १७४ वर बसचं तिकीट आहे खुणेला. तुम्ही क्षणभर थांबलात आणि विचारलंत, “तिकीट काढलं नाहीत ना?” नाही म्हणाले. “मग राहू दे ते तिथेच. त्या पुस्तकाला घाई नाही.”

त्या सात महिन्यांत मला पुस्तकं सुचवणाऱ्यांची काही कमी नव्हती. लोक प्रेमाने सुचवत होते, त्यांच्याबद्दल माझ्या मनात किल्मिष नाही. कुणी मृत्यूवरची पुस्तकं पाठवली, कुणी मन खंबीर करणारी, कुणी ‘आयुष्यात वाचलीच पाहिजेत अशी १०० पुस्तकं’ छापाच्या याद्या. ‘वाचलंच पाहिजे’ हे दोन शब्द तेव्हा मला धाक घातल्यासारखे लागायचे. शंभरातलं एकही जमत नसलेल्या माणसाला शंभरांची यादी म्हणजे थकबाकीच. आणि यादी पाठवणाऱ्याने मला एक शब्द विचारलेला नसायचा. किती वेळ मिळतो, कशाने बिनसतं, बारीक टाईप चालतो का, रात्री वाचता की दुपारी. तुम्ही हे सगळं त्या जिन्यात दहा मिनिटांत विचारून घेतलंत.

पुढच्या महिन्यात तुम्ही माझ्या हातात एक लहानसं पुस्तक ठेवलंत. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. १९५५ सालची कादंबरी, नाव कुणाला माहीत नाही? मलाही होतं, वाचली मात्र नव्हती. तुम्ही का दिलीत तेही सांगितलंत. वाक्यं आखूड आहेत, श्वास लागत नाही. एक पोरसवदा मास्तर मेंढपाळांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो, माणसं येतात, बोलतात, निघून जातात. सगळी लक्षात ठेवायची जबाबदारी आपल्यावर येत नाही. आणि कुणी मोठ्याने रडत नाही.

आत एक चिठ्ठी होती. वापरलेल्या पाकिटाची मागची बाजू कापून केलेली दोन बोटं रुंद पट्टी, कडा कात्रीने नीट सरळ केलेल्या, आणि तुमच्या पेन्सिलीतल्या तिरक्या अक्षरात तीन ओळी.

“रोज चारच पानं.
३० पानांत जीव रमला नाही तर परत द्या, रागावणार नाही.
शेवटची २० दिवसाउजेडी वाचा.”

ही तिसरी ओळ मी कितीदा वाचली असेन! शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. तुम्ही शेवट फोडला नाहीत, पण तिथे पाय घसरेल हे मात्र सांगून ठेवलंत. मी ती पानं रविवारी सकाळी गॅलरीत बसून वाचली. रडले. पण ते वाडीसाठी होतं, मास्तरासाठी होतं. दादा गेल्यापासून पहिल्यांदा मी दुसऱ्या कुणासाठी रडले, आणि नंतर हलकं वाटलं.

त्या तीन आठवड्यांत तुमचे दोनच फोन आले. दोन्ही वेळेला तुम्ही एकच विचारलंत, “कुठवर पोचलात?” आवडलं का, कसं वाटलं, असं कधीच नाही. ‘आवडलं का’ म्हटलं की देणाऱ्याचं मन राखायची जबाबदारी वाचणाऱ्यावर येते. ‘कुठवर पोचलात’ म्हटलं की नुसतं पान सांगायचं. पान १९. पान ६२. मला तेवढंच सांगता येत होतं.

तुमचं प्रत्येक पुस्तक मला लागू पडलं असं म्हटलं तर तुम्हीच रागवाल. तिसरं दिलेलं मला अजिबात झेपलं नाही. पन्नास पानांवर मी ते मिटलं आणि परत देताना कशी कसरत करावी या विचारात होते. तुम्ही म्हणालात, “बरं झालं सांगितलंत, आता तुमची वाट मला नीट कळली.” ते पुस्तक तुमच्या अगदी लाडक्यांपैकी आहे हे मला कितीतरी नंतर दुसऱ्या कुणाकडून समजलं. आपल्या लाडक्या पुस्तकाला दुसऱ्याने नाही म्हटलं की चेहऱ्यावर जी एक बारीकशी सावली येते, ती तुमच्या चेहऱ्यावर नव्हती. मी नीट बघितलं होतं.

आणि मग लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, ‘स्मृतिचित्रे’. देताना तुम्ही बजावलंत, संक्षिप्त घेऊ नका, पूर्णच वाचा, आणि मोठ्याने वाचा. (आवृत्तीबद्दल तुम्ही नेहमीच काटेकोर. अनुवादित पुस्तक सुचवताना अनुवादकाचं नाव घेतल्याशिवाय तुम्ही पुढे जात नाही, ही सवय मी तुमच्याकडून उचलली आहे.) मोठ्याने कुणाला वाचून दाखवू, असं मी विचारलं. “आईला,” तुम्ही म्हणालात. “त्यांचाही मुलगा गेलाय.”

ताई, खरं सांगते, तोपर्यंत माझं दुःख मी असं धरून बसले होते की ते फक्त माझंच आहे. आईची नजर अधू झालेली, ती स्वतः वाचू शकत नव्हती, आणि आम्ही दोघी संध्याकाळी एकाच खोलीत गप्प बसून असायचो. त्या दिवसापासून मी रोज जेवणानंतर अर्धा तास वाचायला लागले. नवऱ्याकडून अडखळत अक्षरं शिकलेल्या बाईने जसं बोलावं तसंच लिहून ठेवलंय ते. वडिलांचं टोकाचं सोवळं, नवऱ्याचं, म्हणजे टिळकांचं, न सांगता निघून जाणं, त्यांचं धर्मांतर, आणि या सगळ्यातून बाईंचं ते खळखळून हसणं. मोठ्याने वाचल्याखेरीज त्या वाक्यांमधली गंमत कानाला लागत नाही. आठव्या की नवव्या दिवशी आई हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, अगदी पूर्वीसारखी. मी वाचायची थांबले, तर म्हणाली, “थांबलीस का? पुढे?”

त्या “पुढे?”साठी मी तुमची जन्माची ऋणी आहे.

पण माझे सगळ्यांत मोठे आभार तुम्ही न दिलेल्या पुस्तकासाठी आहेत. आपल्या गटात एकदा विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’वर बोलणं निघालं होतं. १९३९ सालची कादंबरी, युरोपातून निघालेलं जहाज, त्यावर हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन बाहेर पडलेले ज्यू, आणि त्या प्रवासात भेटलेले चक्रधर आणि हॅर्टा. सगळे इतकं भरभरून बोलत होते की मी तुमच्याकडे मागितली. तुम्ही तेव्हाच म्हणालात, “तुम्हाला आत्ता नको. माझ्याकडे आहे, कुठे जात नाही. मी देईन.” मला थोडं लागलं होतं. मी काय लहान आहे का, असंही वाटून गेलं.

तुम्ही ती दिलीत त्यानंतर चौदा महिन्यांनी. मी विसरले होते, तुम्ही विसरला नव्हतात. वाचताना पानोपानी उमगत गेलं की ही मला तेव्हा मिळती तर काय झालं असतं. जहाज बंदराला लागलं की ताटातूट ठरलेली आहे हे माहीत असलेली दोन माणसं, आणि मोजके दिवस. पुढचं इथे लिहीत नाही, ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी. चौदा महिन्यांपूर्वी मी त्या जहाजावरून परत आले नसते. या वेळी आले. आणि एक मोठी कादंबरी तिच्या पूर्ण उंचीने वाचता आली, ती तुम्ही ती माझ्यासाठी राखून ठेवलीत म्हणून.

हे तुम्हाला कुणी शिकवलं असेल, असा विचार करत असताना मला रंगनाथन सापडले. गणित शिकवणारे, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. तिसरा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. हे वाचल्यावर मला तुमची पेन्सिलीतली चिठ्ठीच आठवली. ‘३० पानांत रमला नाही तर परत द्या’ हा चौथा नियमच झाला की! फक्त तुम्ही त्यात वेळेची आणखी एक बाजू सांभाळता. त्याचा ग्रंथ त्याला कधी द्यायचा, ती बाजू.

आता शेवटचं, तेवढं सांगून थांबते. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा चौथा भाग अपुरा होता, तो त्यांच्या मुलाने, देवदत्तांनी पुरा केला. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “दादाचं ते डोंगराचं पुस्तक आहे ना, त्यात पुढे काय होतं?”

मला माहीत नव्हतं. दोघींनाही माहीत नव्हतं.

तर, या महिन्यात माझी पाळी येईल तेव्हा सांगणारच आहे, पण तुम्हाला आधी. सध्या मी आणि आई दादाचं पुस्तक वाचतोय. पहिल्या पानापासून. काल रात्री १६८ पर्यंत आलो. तळावर बर्फ पडतंय आणि वर गेलेल्या दोघांचा पत्ता नाही. तिकीट सहा पानांवर आहे. आई म्हणते आज तिथे थांबायचं नाही, तिकीट तिथेच ठेवायचं आणि पान उलटायचं. तुमच्या पाकिटाची पट्टी आहे माझ्याकडे, पुढची खूण तिचीच करीन.

फोन कराल तेव्हा विचारा, कुठवर पोचलात.

तुमची,
जिन्यात भेटलेली